वैद्याच्या घरची पाचवी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात भिवाजी नावाचा एक वैद्य होता. शाळा पाहिलेली नव्हती, पण डोंगरावरचं झाड न् झाड त्याला ठाऊक. बाळंतिणीला दूध कमी पडलं की सात गावची माणसं त्याच्या दारी येत. तो शतावरीची मुळं उकळून काढा देई. त्याचा त्याला मोठा ताठा होता.

त्याची सून बायजा बाळंत झाली. मुलगा झाला. भिवाजीच्या घरची रीत कडक. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा. पाचवी पुजेपर्यंत मूल आईच्या अंगावर पाजायचं नाही. तोवर बोळ्याने गुळाचं पाणी.

तीन दिवस झाले तरी बायजाला दूध उतरेना. वैद्याच्याच घरात हे व्हावं? भिवाजीला पोरापेक्षा नावाची काळजी लागली. त्याने काढा दिला, हाळिवाची खीर दिली, मेथीचे लाडू दिले. पोर मात्र बाहेरच्या खोलीत किरकिरत राहिलं.

चौथ्या दिवशी हिराई धनगरीण मेंढीच्या जखमेसाठी पाला मागायला आली. तिच्या कडेवर तिचं तान्हं होतं. तिने ते रडणं ऐकलं.

"वैद्यबुवा, पोर भुकेलंय. आईला लावा त्याला. कोकरू तोडलं की मेंढी आटते. मग किती का चारा, पान्हा फुटत नाही."

"मेंढ्या वळणारीनं मला शिकवू नये."

"ऱ्हायलं. तुमचा पाला जनावरालाच बरा," असं म्हणून ती गेली.

पाचवी पुजली. पोराला आईजवळ दिलं. पण त्याच्या अंगात ओढायचं बळच उरलं नव्हतं. ओठ नुसते टेकले आणि सुटले.

सकाळी भिवाजीने पोर धोतराच्या पदरात गुंडाळलं आणि हिराईच्या वाड्याकडे धाव घेतली. तिच्या भरल्या पान्ह्याचे चार थेंब तरी त्याच्या पोटात जातील, एवढीच आशा. माळावर कुणी नव्हतं. धनगरांचा वाडा पहाटेच मेंढरं घेऊन पुढच्या मुक्कामाला उठला होता. चुलीतली राख अजून कोमट होती. त्याने दोनदा हाक मारली. परत फिरताना पोर त्याच्या हातात गार झालं.

दुसऱ्या दिवशी सवयीने त्याने काढा उकळला आणि वाटी सुनेपुढे धरली. बायजाने मान वर केली नाही.

"मामंजी, आता कुणासाठी?"

तात्पर्य: औषध देणाऱ्याने आधी आपला हेका सोडावा. भल्याचं सांगणारा साधा माणूस असला तरी त्याचं तेव्हाच ऐकावं. तो पुन्हा भेटेलच असं नाही.