वाकडी काकडी

एका राज्यात ग्रंथसेन नावाचा राजा होता. सातशे पोथ्या त्याने वाचल्या होत्या, पण हाताने एक रोपही लावले नव्हते. एकदा उतावळेपणाने त्याने मांत्रिकाकडून रुपेरी भुकटी घेऊन मळ्यांत टाकवली. एका दिवसात भोपळे हत्तीएवढे झाले. मात्र गांडुळे राज्य सोडून गेली, आणि त्या मातीतला घास राजकन्या तरंगिणीच्या घशाखाली उतरेना. ती विरळ होत चालली. तिच्यातून मागची भिंत दिसू लागली.

तेव्हा डोंगरापलीकडून एक साळुंकी तीन बिया घेऊन आली.

"राजा, भुकटीवाचून, स्वतःच्या हाताने काकडी पिकव. मुलीने ती खाल्ली की भुकटीचा शाप सुटेल. कामे तीन. माती कर, बी पेर, हात आवर."

"कोणत्या पोथीत सांगितले आहे हे?"

"पोथीत नाही. मुदपाकखान्याच्या मागच्या दारी ये."

राजाने फुटक्या माठात केळीच्या साली, शेण आणि ताक घातले. आठ दिवसांत अशी दुर्गंधी सुटली, की प्रधान नाक धरून म्हणाला, "महाराज, शत्रू आपोआप पळेल."

"ओले फार झाले," साळुंकी म्हणाली. "वाळका पाला घाल, वरखाली कर."

राजाने तसे केले. दीड महिन्याने माठातून मातीचा वास आला. एक गांडूळ आले आणि वाकून म्हणाले, "महाराज, राहू का?"

"राहा बाबा," राजा म्हणाला.

त्याने एक बी पेरले. दुसऱ्याच दिवशी वाटले, उलटे तर पडले नाही? त्याने उकरून पाहिले. कोंब मोडला. दुसरे पेरले. ते कुजले तर नसेल? तेही उकरले, तेही गेले. आता एकच बी उरले.

"माझ्याकडून होणार नाही," राजा म्हणाला.

तरंगिणी माठाशी येऊन बसली. तिचा हात आता धुक्यासारखा होता. तो तिने बापाच्या हातावर ठेवला.

"बाबा, मी नऊ महिने पोटात होते. तेव्हा कोणी उकरून पाहिले होते का?"

राजाने तिसरे बी पेरले आणि हात मांड्यांखाली दाबून बसला. चौथ्या दिवशी मांत्रिक आला. "चिमूटभर टाक, आत्ता उगवेल."

राजाने मुलीकडे पाहिले. तिची ओढणीच तेवढी ठळक दिसत होती.

"नको," तो म्हणाला. "मी वाट पाहतो."

मांत्रिकाच्या झोळीतली भुकटी तिथेच राख झाली. सहाव्या दिवशी कोंबाने मातीतून डोके वर काढले. पुढे वेल चढला, फुलला, आणि एक काकडी धरली. बोटाएवढी.

"वाकडी आहे गं," राजा ओशाळून म्हणाला.

तरंगिणीने ती कडकन तोडली, चावली, गिळली.

"बाबा," ती तोंड वाकडे करून म्हणाली, "देठाशी कडू आहे!"

तिच्या गालांवर रंग चढला, मागची भिंत दिसेनाशी झाली. वेशीवर गांडुळांची रांग लागली.

ग्रंथसेनाच्या फुटक्या माठात जशी माती जिती झाली, तशी तुमच्या दारच्या कुंडीतही होवो. फक्त बी उकरू नका.