कारवखिंडीत तराजू का नाही

कारवखिंडीच्या बाजारात तराजू नाही. तांदूळ पायलीने मोजून मिळतो, मीठ ओंजळीने, आणि हिंग-ओवा दुकानदाराच्या चिमटीने. शहरातले पाहुणे कुरकुरतात, आपल्याला गंडवले असे त्यांना वाटते. वाटू द्या. गंगाशेट वाण्याचे काय झाले ते ऐकले की सहसा कोणी घासाघीस करत नाही.

बैलांचे तांडे या खिंडीतून कोकणात उतरत, त्या काळची ही गोष्ट. गंगाशेट भलताच पापभीरू. रानडुकरे हाकायला एक ठासणीची बंदूक त्याने दुकानात ठेवली होती, पण बार काढताना तो स्वतःच डोळे मिटून घ्यायचा म्हणे. जत्रेच्या दिवशी सगळा गाव देवीच्या पालखीमागे नदीवर गेला आणि भर दुपारी तीन दरोडेखोर दुकानात शिरले. एकाने शेटच्या बायकोच्या, येसूच्या, गळ्यावर कोयता धरला.

"सगळं न्या, बाबांनो. तिला तेवढी सोडा," गंगाशेट विनवू लागला. कोयता हटला नाही; येसूच्या गळ्यातून रक्त ओघळले. बंदुकीत दारू ठासलेली होती, छर्रे मात्र संपलेले. बाकीचे दोघे पोती ओढण्यात गुंतले होते. शेटने हाताला लागले ते तोळ्याचे पितळी वजन नळीत सोडले आणि बार काढला.

कोयतेवाला कोसळला, साथीदार पळाले. पडलेला माणूस पाणी मागत होता. येसूनेच त्याच्या तोंडात पाणी घातले. "गाव कुठलं रे तुझं? कुणाला कळवू?" शेट विचारत राहिला. उत्तर न देताच तो गेला.

गावाने गंगाशेटला डोक्यावर घेतले. केलेस ते बरोबरच केलेस, असे जो तो सांगे. त्यालाही ते पटत होते, आणि तिथेच तो बुडाला. चुकले असते तर त्याने प्रायश्चित्त घेतले असते. चुकलेच नव्हते, मग धुवायचे काय? मेलेल्याचे कोणी येईल, शिव्या देईल, निदान रडेल, म्हणून तो उंबऱ्यावर बसून वाट पाही.

आला तो राख सावडणारा धाकू. "शेट, ह्ये तुमचंच हाय न्हवं?" म्हणत त्याने त्या माणसाच्या चितेत सापडलेले, काळे पडलेले वजन पुढे ठेवले.

शेटने ते चिंचेने घासले. त्याच दिवशी एक बाई पोराच्या पोटदुखीसाठी तोळाभर ओवा मागायला आली. त्याने वजन एका पारड्यात टाकले, दुसऱ्यात ओवा घातला. वजनाचे पारडे उचलेना. आणखी घातला, तरी उचलेना. मग त्याने ते वजन धान्याच्या मोठ्या काट्यावर ठेवले. तांदळाची पोती रिकामी झाली, मीठ संपले, गुळाच्या ढेपी गेल्या. अख्खे दुकान समोर चढले, तरी तोळ्याचे वजन तसूभर हलले नाही, असे सांगतात.

सगळा माल खाली ओढून शेवटी गंगाशेट स्वतः त्या पारड्यात बसला.

"येसू, बघ गं, उचललं का?"

येसूला खोटे बोलता आले असते. "नाही हो," ती म्हणाली आणि तिला रडू फुटले.

तो तिथून पुन्हा उठला नाही, म्हणे.

आजही कारवखिंडीत कोणी तराजू टांगत नाही. जत्रेच्या दुपारी गाव पालखीला जातो, पण दुकानदार जात नाहीत. ते आपापल्या उंबऱ्यावर बसून राहतात. त्या मेलेल्या कोयतेवाल्याची विचारपूस करत कोणी आलेच, तर त्याला भेटायला कुणीतरी हवे. अजून कोणी आलेले नाही.