सुरंगी आणि डोंगरावरचं लाल निशाण

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी बाहुल्यांची आळी होती. तिथे घरोघर लाकडाच्या इवल्याशा बाहुल्या रंगवत. कुणी पोपटी लुगड्यातली, कुणी जांभळ्या चोळीतली, कुणी गुलाबी गालांची. बाहेर सोनेरी ऊन सांडलेलं असे, पण आळीतल्या खिडक्या दिवसभर बंद. वाऱ्याने धूळ येते आणि ओल्या रंगावर बसते, म्हणून.

त्या आळीत सुरंगी राहायची. घर गरीब. आबांचा हात थरथरू लागला होता, त्यामुळे बाहुल्यांचे तिळाएवढे डोळे तीच रंगवायची. अंधाऱ्या खोलीत, बाहुली नाकाशी धरून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

हळूहळू तिला दूरचं दिसेनासं झालं. डोंगरावरच्या देवळाचं लाल निशाण आधी पुसट झालं, मग नाहीसंच झालं. आळीत मात्र आनंद झाला, कारण तिथली समजूतच तशी होती. पोराला निशाण दिसेनासं झालं, म्हणजे नजर कामावर बसली, पोर पक्कं कारागीर झालं. त्या दिवशी गूळ वाटत. सुरंगीचाही गूळ वाटला. तिने तो खाल्ला आणि कुणाला न कळता डोळे पुसले.

तिचा धाकटा भाऊ दिगू पाच वर्षांचा होता. त्याला सगळं दिसायचं. डोंगरावरची शेळी, तिच्या मागचं करडू, निशाणावर बसलेला कावळा. तो दारात उभा राहून सांगायचा आणि सुरंगी काम करता करता ऐकायची. पण आता आबा म्हणाले होते की दसऱ्यापासून दिगूलाही रंगवायला पाटावर बसवायचं. ते ऐकलं आणि सुरंगीने पहिल्यांदाच कुंचला मधेच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती रंगात घालायच्या खळीसाठी चिंचोके वेचायला बनात गेली. तिथे एका काजूच्या खोडावर डिंकाचा मधाळ थेंब चमकत होता, आणि त्यात काहीतरी फडफडत होतं. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. सुरंगीला जवळचं बारीक फार छान दिसे. तिने वाकून पाहिलं, तर तांदळाच्या दाण्याएवढी एक परी! तिचे मोरपिशी पंख डिंकात चिकटले होते.

सुरंगीने कमरेला खोचलेला कुंचला काढला, पाण्यात भिजवला आणि एकेक धागा सोडवावा तसे पंख सोडवत बसली. घरी बाहुल्या राहिल्या होत्या, बोलणी बसणार होती. तरी ती उठली नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा परी मोकळी झाली आणि फुलपाखराएवढी मोठी झाली.

"एक काहीतरी माग," परी म्हणाली. "पण जे आहे ते मी राखू शकते, गेलेलं परत आणू शकत नाही."

"माझं निशाण?" सुरंगीने हळूच विचारलं.

परीने तिला दगडाखालचं वालाचं रोप दाखवलं. उजेडाविना ते लांबच लांब, पिवळट वाढलं होतं. शेजारी उन्हातलं रोप कसं बुटकं, हिरवं, टवटवीत होतं.

"मुलांचे डोळेही वाढत असतात, बाय. बंद खोलीत सारखं नाकाजवळचं बघत राहिले, तर ते लांबट वाढतात. मग दूरचं पुसट होतं. लांबट झालेलं रोप पुन्हा आखूड होतं का?"

सुरंगीने त्या पिवळट रोपावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी राहू दे. दिगूला निशाण दिसत राहू दे."

परीने उन्हाचा एक थेंब मण्यासारखा दोऱ्यात ओवून तिच्या मनगटाला बांधला आणि नियम सांगितले. प्रत्येक बाहुली झाली की मान वर करून डोंगराकडे बघायचं. आणि रंगाचा हात सुकतो तेवढा वेळ, रोज सकाळी आणि रोज दुपार उतरल्यावर, दोघांनीही बाहेर उजेडात खेळायचं. चुकलात तर मणी विझत जाईल.

दसऱ्याला दिगू पाटावर बसला. रंगाचा हात झाला की सुरंगी त्याला घेऊन बाहेर पळायची. आबा रागावले. शेजारच्या भागूकाकू म्हणाल्या, "काय गो, उन्हात बाहुल्या पिकतात वाटतं?" पण मुलं बाहेर गेली की खोलीत कुणी हलायचं नाही, धूळ उडायची नाही. बाहुल्या आरशासारख्या लख्ख सुकू लागल्या. आबांनी ते पाहिलं. पुढे तेच म्हणू लागले, "रंग सुकतोय. जा पळा."

तीन वर्षं गेली. एवढ्यात निशाण दिसेनासं झालंच असणार, असं धरून आळीने दिगूचा गुळाचा दिवस ठरवला. आळी जमली. आबांनी त्याला पायरीवर उभं केलं आणि विचारलं, काय दिसतं? काहीच नाही म्हटलं की गूळ मिळणार होता, आणि दिगूला गूळ फार आवडायचा. त्याने ताटाकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं.

"निशाण दिसतं," तो म्हणाला. "त्याची शेपटी फाटलीय."

"म्हणजे हात बसला नाही पोराचा," भागूकाकू पुटपुटल्या.

दिगूने आपली बाहुली त्यांच्या हातात दिली. तिळाएवढे डोळे, कुठेही रंग सांडलेला नाही. काकू बाहुलीकडे बघतच राहिल्या.

आबा डोळे बारीक करून डोंगराकडे पाहत होते. त्यांना तिथे नुसता हिरवा ढग दिसत होता.

"तुझ्याएवढा होतो तेव्हा शेवटचं पाहिलं होतं मी," ते म्हणाले. "अजून लालच आहे का रे?"

"लालच आहे, आबा."

आबांनी ताट उचललं आणि स्वतःच्या हाताने गूळ वाटला. हळूहळू आळीतली सगळी मुलं रंग सुकेपर्यंत अंगणात खेळू लागली.

आता नियम अंगवळणी पडले होते, म्हणून सुरंगी मणी परत द्यायला बनात गेली. परी वाट बघत होती. तिने गवतावरचे दोन टपोरे दवबिंदू उचलले, वेलीच्या तंतूत बसवले आणि सुरंगीच्या नाकावर ठेवले.

"हे गेलेलं परत आणणं नाही," ती हसून म्हणाली. "काढलंस की पुन्हा पुसट दिसेल. म्हणून जप. आणि आबांसाठीही एक जोडी घेऊन जा."

सुरंगीने वर पाहिलं. चिंचेचं पानन् पान वेगळं झालं होतं. परी उडाली, चांदीच्या ठिपक्याएवढी झाली, डोंगरावर पोहोचली, आणि देवळाच्या शिखराशी लखकन् प्रकाश होऊन विरून गेली. सुरंगीला ते सगळं शेवटपर्यंत दिसलं.

निशाणाची शेपटी खरंच फाटलेली होती.