तळं बाटलं

झाडंही बोलत असत, त्या काळची गोष्ट. रानात बातम्या पोपट पोहोचवत. त्यांचा वेग इतका, की नीट ऐकून घ्यायला सवड नसे.

इतिहास शिकणारी एक साळुंकी ओस पडलेल्या तळ्यावर म्हाताऱ्या कासवाकडे गेली.

"आजोबा, तळं बाटलं कशानं?"

"अगं, एका उन्हाळ्यात मी 'तळं आटलं' म्हणालो होतो. पावसात ते भरलंही. पण पाण्यावर पुन्हा कुणी आलंच नाही."

साळुंकी पोटभर पाणी प्यायली आणि परतून खरं ते सांगू लागली.

"आम्ही हजार जण 'बाटलं' म्हणतोय, आणि शहाणी तू एकटी?" पोपट हसले.

संध्याकाळपर्यंत रानभर बातमी झाली: साळुंकी बाटली.

"आई, तू तरी मला विचार ना!"

"सगळेच म्हणतायत गं," आई म्हणाली, आणि तिनं घरट्याच्या तोंडाशी पंख आडवा धरला.