बऱ्या झालेल्यांच्या काठ्या

“पण बाबा, तुम्ही ही मुळी द्यायची का बंद केलीत?”

डॉक्टर सुनेत्रा टिपणीसांनी तिसऱ्यांदा विचारलं. समोर ओट्यावर ठाकरवाडीतले चांगूबाबा हिरडे निवडत बसले होते. पंचक्रोशीला झाडपाल्याचं औषध देण्यात त्यांचा जन्म गेला होता. हात चालू, तोंड बंद.

सुनेत्राबाई शहरातल्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या. गुडघेदुखीवरच्या सोनमुळीपायी त्यांनी चार वर्षं घासली होती. ती सुरक्षित असल्याचा अहवाल तयार होता, सही तेवढी राहिली होती. महिन्याभरात गोळ्या दुकानोदुकानी जायच्या होत्या. खरं तर त्यांना म्हाताऱ्याच्या उत्तराची गरजही नव्हती. पण तो बोलत नाही म्हटल्यावर त्या इरेला पेटल्या.

“साठ जणांना दिली मी. सत्तावन्न ठणठणीत. एकाचीही तक्रार नाही.”

“आन् तिघं?”

“ती मधेच यायची थांबली. बरं झाल्यावर कोण येतं, बाबा?”

चांगूबाबांचे हात थांबले.

“मीबी असंच म्हणायचो…”

ते उठले. खोपटामागे कुडाची एक पडवी होती. तिचं दार त्यांनी ढकललं.

आत काठ्याच काठ्या. बांबूच्या, बाभळीच्या, सागाच्या. भिंतीला टेकून दाटीवाटीनं उभ्या. प्रत्येकीची मूठ हातानं झिजून गुळगुळीत झालेली. बाहेर टळटळीत दुपार, पण आत आल्याबरोबर सुनेत्राबाईंच्या अंगावर काटा आला.

“टेकत टेकत यायची माणसं. मुळी घ्यायची. महिन्यात काठी हितंच टाकून ताठ चालत जायची. मी मिरवायचो… जेवढ्या काठ्या, तेवढी बरी केली.”

“मग?”

“एकाची काठी लई देखणी. म्हटलं, नेऊन द्यावी. गेलो.”

“आणि?”

“घरी त्याची बायको एकली. म्हणाली, आठ दिवस हरणावानी हिंडला. मंग डोळं पिवळं झालं… हळदीवानी.”

सुनेत्राबाई काठ्या मोजू लागल्या.

“दुसरी काठी उचलली. दुसऱ्या गावी गेलो. मंग तिसरी… तेरा दारं झाली. समद्या घरी त्येच. म्होरं पाय उचलंना.”

टक्…

सुनेत्राबाईंनी चमकून पाहिलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. एकही काठी हलली नव्हती.

टक्… टक्…

कोणी जमीन चाचपत, एक पाय ओढत यावं तसा आवाज. दाराकडून आत.

चांगूबाबा दारातून बाजूला सरकले. पाहुण्याला वाट द्यावी तसे.

सुनेत्राबाई मागच्या मागे बाहेर पडल्या आणि टेकाडाच्या माथ्यावर पोचेपर्यंत थांबल्या नाहीत. तिथं फोन लागायचा.

“मधेच यायची थांबली त्या तिघांची नावं दे,” त्यांनी प्रयोगशाळेतल्या सहकारी मुलीला सांगितलं.

“नावं नाहीत मॅडम. अहवालात नुसते क्रमांक आहेत.”

“मग मूळ अर्ज उघड.”

पाऊण तासानं तीन नंबर मिळाले. पहिला बंद. दुसरा कुणी उचलेना. तिसरा एका बाईनं उचलला.

“आई? अहो, आईला फार गुण आला होता. काठी न घेता देवळात जाऊन आली. मग काविळीचं निमित्त झालं… तीन आठवड्यांत गेली.”

“तुम्ही कळवलं नाहीत?”

“औषध तर गुडघ्याचं होतं. तुम्हाला कशाला त्रास द्यायचा?”

सुनेत्राबाईंनी लगेच पुन्हा प्रयोगशाळेत फोन लावला.

“अहवाल पाठवू नका. गोळ्या थांबवा. सत्तावन्नच्या सत्तावन्न जणांना बोलावून रक्त तपासा. आजपासून.”

त्या खाली आल्या तेव्हा चांगूबाबा पडवीच्या दारात, पाहुण्यांना बसायला घालावं तसं, गोणपाट अंथरत होते. एक अंथरून झालं होतं. ते दुसरं झटकत होते.

“एक सापडली, बाबा,” त्या कशाबशा म्हणाल्या. “गेली ती…”

चांगूबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते त्यांच्या खांद्यावरून मागे, मोकळ्या पायवाटेकडे बघत होते.

“बसा, बाई. बाकीची अजून वाटेत हायेत.”