माशीचं टिंब

दसऱ्याला महाराज सज्जात उभे राहून "माझ्या प्रजाजनांनो" म्हणाले आणि भोंग्याच्या पेटीतून धूर निघाला!

संस्थानाचा यंत्रज्ञ मीच. पेटी मी जोडलेली, आराखडाही माझाच. त्यात रेझिस्टर, म्हणजे विजेला लगाम घालणारा तुकडा, 47R चा होता. R म्हणजे ओहम. मी बसवला 4.7R चा, कारण आकड्यांच्या मधोमध माशीनं टिंब ठेवलं होतं आणि मी ते भक्तिभावानं वाचलं. खापर अर्थात चंद्राक्कावर फोडलं. कार्यशाळा झाडायचं काम तिचं.

बिचारीनं सगळे आराखडे पुसून काढले. त्यात एक खरं टिंब गेलं, दुसऱ्या पेटीतल्या 4.7R चे 47R झाले आणि महाराजांचा आवाज मांजराच्या पिलासारखा निघाला. मी पुन्हा तिच्याकडेच बोट दाखवलं. नाचता येईना, अंगण वाकडं!

महाराजांनी हुकूम सोडला. माशीला काढता येणार नाही आणि फडक्याला पुसता येणार नाही असं टिंब उद्या दुपारपर्यंत हजर करा, नाहीतर चंद्राक्काला नारळ.

मी लाखेचं टिंब केलं, ते उंदरानं कुरतडलं. खिळा ठोकला, तर आराखडा टेबलावरून निघेना. माझी अक्कल तिथं संपली.

दुपारी चंद्राक्का फडकं घेऊनच दरबारात आली.

"सरकार, टिंबच नको."

"मग आकडा कुठं तोडायचा?"

"दोन रानांच्या मधी आम्ही टिंब नाही काढत, दगूड रोवतो. हे अक्षर शेवटाला रिकामंच उभं हाय. तेच उचला आणि मधी रोवा."

मी लिहिलं, 4R7. हजारांचा हिशेब असेल तिथं K रोवून 4K7. महाराजांनी स्वतः त्यावर शाईचे शिंतोडे उडवले, मग फडक्यानं खसाखसा घासलं. आकडा जागचा हलला नाही.

"बाई, तुला वाचता येतं?"

"नाही सरकार." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना येतंय. बघितलंत न्हवं काय झालं ते?"

महाराज पागोटं घसरेपर्यंत हसले. चंद्राक्काला नदीकाठचं एक रान इनाम मिळालं, बांधावर तिच्या नावाचा दगडही रोवला गेला. तिचं फडकं मात्र माझ्या हाती आलं. तेव्हापासून कार्यशाळेत माश्या मारायचं काम अधिकृतपणे माझ्याकडे आहे.