हत्तीच्या तोंडात हात कोण घालणार?

पुस्तक एक, ते रचणारा एक आणि पहिल्या पानावर नावं अकरा!

राजा वज्रबाहूच्या दरबारात असा पेच कधी पडला नव्हता. भिवाजी माहूत तीस वर्षं हत्ती सांभाळून जे शिकला, ते त्यानं मुलीला, गोजराला सांगितलं आणि तिनं ते वळणदार अक्षरात उतरवलं. ‘हत्तीची दुखणी आणि उपाय.’ दरबाराचा शिक्का बसला की नकला गावोगावच्या पीलखान्यांत, म्हणजे हत्तींच्या तबेल्यांत, जाणार होत्या. हे कळताच मोठमोठे विद्वान जागे झाले!

राजवैद्य म्हणाले, “ग्रंथ मी तपासला!” त्यांनी तपासलं होतं ते वेष्टन. प्रधानांनी शाई मंजूर केली होती. राजगुरूंनी मुहूर्त काढला होता. राजाचे मेहुणे नुसतेच मेहुणे होते, पण तेवढं पुरेसं होतं. अशी दहा नावं झाली, अकरावं खुद्द महाराजांचं. या गर्दीत भिवाजीला जागाच उरली नाही! म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोजराचं मात्र डोकं तापलं. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, माझ्या बाचं नाव कुठाय?”

“अगं, आमच्यातच पहिलं नाव कुणाचं ते ठरेना! तूच तोड काढ. पहिल्या नावाची संधी प्रत्येकाला मिळाली पाहिजे, कुणी रुसता कामा नये आणि मला कुणाला ‘नाही’ म्हणायला लागू नये! जमलं तर बापाचं नाव घालू. नाहीतर पुस्तक त्याच्यावाचून निघेल!”

दरबार खो खो हसला.

“मग चला पीलखान्यात, आत्ताच!” गोजरा म्हणाली.

तिथं रणमस्त हत्ती दाढेत काटा रुतल्यानं तीन दिवस उपाशी होता. गोजरानं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं, “दाढेत काटा रुतल्यास हत्तीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून तो उपसावा. हत्ती चिडतो. घाबरू नये.”

मग ती म्हणाली, “ज्याचं नाव पुस्तकावर, त्यानं पुस्तकातलं करून दाखवावं. जो आधी हात घालील, त्याचं नाव पहिलं! कुणालाच नाही म्हणत नाही. या वैद्यबुवा, तुम्ही तर तपासलंय!”

रणमस्तानं सोंड आपटली.

“मी... वरवर तपासलं होतं!” राजवैद्य मागे सरकले.

राजगुरूंना आज हाताला ग्रह वाईट दिसले. प्रधानांना तातडीचं काम आठवलं. दहाही जण ‘आमचं नाव गाळा’ म्हणून गोजरापुढे रांगेत उभे राहिले आणि त्या रांगेत पहिल्या नंबरासाठी झटापट झाली!

भिवाजीनं मात्र हत्तीला थोपटलं. “आ कर, बाळा.” हात आत गेला, काटा बाहेर आला आणि रणमस्तानं लगेच उसाकडे सोंड वळवली.

उरले महाराज. मिशीवर हात फिरवत म्हणाले, “पण हत्ती माझा, चारा माझा! मग माझं नाव कुठंच नाही?”

“आहे की, महाराज! शेवटच्या पानावर. ‘हत्ती आणि चारा महाराजांनी दिला, त्यांचे आभार. चुका मात्र सगळ्या आमच्या!’”

“म्हणजे चूक निघाली तर...”

“बोल आम्हाला, आभार तुम्हाला!”

राजा पोट धरधरून हसला. पहिल्या पानावर एकट्या भिवाजीचं नाव लागलं. भिवाजीच्या हातात राजानं आपलं सोन्याचं कडं घातलं आणि दरबाराचा शिक्का गोजराच्या हवाली केला, यापुढे प्रत्येक ग्रंथ तिनंच पारखायचा. पुढची तीन वर्षं एकाही विद्वानानं नवा ग्रंथ आणला नाही!